आफ्रिकेतली गाळीव दारू आणि लिक्युअर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नैरोबी, कंपाला किंवा दार-एस-सलामला नोकरीधंद्यासाठी राहिलेली मराठी माणसं, मॉरिशस-केपटाऊन फिरून आलेले पर्यटक, ड्यूटी-फ्रीच्या दुकानात हत्तीचं चित्र असलेली बाटली पाहून थबकलेले प्रवासी, या सगळ्यांचे प्रश्न बरेचसे सारखे असतात. ते इथे एकत्र केले आहेत. गाळीव दारू म्हणजे आंबवलेला रस उकळून, त्याची वाफ थंड करून मिळवलेली कडक दारू; लिक्युअर म्हणजे तीत साखर आणि स्वाद मिसळून केलेली गोड दारू. आफ्रिकेची दारू म्हटलं की एकतर 'ती मलईवाली' किंवा 'ती विषारी' एवढंच आपल्या डोक्यात येतं. या दोन टोकांच्या मध्ये शेतकऱ्यांचा, बायकांचा आणि कसबी कारागिरांचा फार मोठा मुलुख आहे.

आफ्रिकेत गाळीव दारू मुळात होती का, की ती बाहेरून आली?

आंबवलेली पेयं तिथे फार जुनी आहेत: ज्वारी-बाजरीची बिअर, केळ्यांची बिअर, पामच्या झाडांची ताडी, इथिओपियातला मधाचा तेज. गाळण्याची विद्या मात्र वेगवेगळ्या वाटांनी पोचली. उत्तर आफ्रिकेत अरबांच्या भट्टीची परंपरा होती. पश्चिम आणि दक्षिण किनाऱ्यांवर युरोपीय जहाजांबरोबर रम, जिन आणि ब्रँडी उतरली.

यातला एक भाग टाळून पुढे जाणं मला योग्य वाटत नाही. गुलामांच्या व्यापारात ब्राझीलची उसाची दारू अंगोलात आणि न्यू इंग्लंडची रम गोल्ड कोस्टवर, म्हणजे आजच्या घानात, पैशासारखी चालत होती. दारूची पिंपं उतरायची आणि त्या बदल्यात माणसं चढवली जायची. आज त्याच किनाऱ्यावर लोक स्वतःच्या झाडांपासून स्वतःची दारू गाळतात, तेव्हा तिच्याकडे पाहताना हा इतिहास आठवायला हवा.

कुठे काय गाळतात? थोडक्यात सांगता येईल का?

देश पन्नासच्या वर आहेत, त्यामुळे सगळं सांगणं शक्य नाही. ढोबळमानाने, पश्चिम आफ्रिकेत पामच्या ताडीपासून: घानात अक्पेतेशी, नायजेरियात ओगोगोरो, बेनिन आणि टोगोत सोडाबी. पूर्वेला युगांडात वारागी, केनियात चांगा, टांझानियात गावठी गोंगो आणि कारखान्यातली कोन्यागी. इथिओपियात धान्य आणि गेशो नावाच्या झुडपाच्या पानांपासून अराकी. मलावी, झांबिया, झिंबाब्वेत कचासू. नामिबियाच्या उत्तरेला ओवाम्बो बायका रानफळांपासून ओम्बिके गाळतात. काँगोत मका आणि कसाव्याची लोटोको. ट्युनिशियात अंजिराची बुखा, मोरोक्कोत अंजीर-खजुराची माहिया. मादागास्करमध्ये तोआका गासी. केप व्हर्देच्या बेटांवर ग्रोग, मॉरिशस आणि सेशेल्समध्ये रम. आणि दक्षिण आफ्रिकेत ब्रँडी, व्हिस्की, जिन, शिवाय पीचची 'मांपूर' आणि द्राक्षांची 'विटब्लिट्स' या शेतावरच्या जहाल दारू.

अमारुला नेमकी कशापासून बनते?

हत्तीचं चित्र असलेल्या बाटलीतली ही दक्षिण आफ्रिकेची मलईवाली लिक्युअर बनते मरुला नावाच्या फळापासून. हे झाड आंबा आणि काजूच्या कुळातलं आहे. आपला आंबाडा, बिब्बा आणि चारोळीही त्याच कुळातली. फळ लहान लिंबाएवढं, आत मोठी टणक कोय आणि तिच्याभोवती चिकट, आंबटगोड गर. दक्षिण गोलार्धातल्या उन्हाळ्यात, साधारण जानेवारी ते मार्च, फळं हिरवी असतानाच गळून पडतात आणि जमिनीवर पिवळी होतात. म्हणून ती तोडत नाहीत, वेचतात. मरुलाच्या बागा सहसा नसतात, झाडं रानात आणि गावाच्या शिवारात आपसूक वाढलेली असतात. दक्षिण आफ्रिकेच्या लिम्पोपो प्रांतात फालाबोर्वाच्या आसपास गावोगावच्या लोकांनी, बहुतेक बायकांनी, वेचलेली फळं कारखान्यात जातात.

तिथे कोय वेगळी करून गर आंबवतात, मग गाळतात, ती दारू ओकच्या पिंपांत दोन वर्षं मुरवतात आणि शेवटी तीत ताजी मलई आणि साखर मिसळतात. मलईची अमारुला १९८९ मध्ये बाजारात आली. तिच्यात अल्कोहोल १७ टक्के असतं, म्हणजे रम-व्हिस्कीच्या निम्म्याहून कमी. पण गोडव्यामुळे ते जाणवत नाही आणि माणूस ग्लासावर ग्लास रिचवतो, हे लक्षात ठेवा.

बायका कोयही वाया घालवत नाहीत. ती फोडून आतल्या बियांचं तेल काढतात, ते स्वयंपाकात आणि अंगाला लावायला वापरतात. शिवाय घरोघरी मरुलाची बिअर होते. एस्वातिनीमध्ये (पूर्वीचं स्वाझीलँड) तर तिच्या हंगामाचा राजघराण्याच्या उपस्थितीत सण होतो. बाटलीवरचं नाव जगभर पोचलं, पण या फळाभोवतीचं खरं जग तिथल्या अंगणात आहे, असं मला मनापासून वाटतं.

मरुलाची पडलेली फळं खाऊन हत्ती झिंगतात, हे खरं का?

बहुधा नाही. ब्रिस्टल विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी २००६ मध्ये याचा हिशेब मांडला. हत्तीच्या वजनाला नशा चढायची तर त्याला नेहमीच्या जास्तीत जास्त खुराकाच्या चौपट मरुला खावी लागेल, तीही चांगली आंबलेली. शिवाय हत्तींना ताजी फळं आवडतात, ते झाडावरूनही ओढून खातात.

अमारुला उघडल्यावर किती टिकते? कशाबरोबर घ्यावी?

बूच घट्ट लावून, उन्हापासून लांब, थंड जागी ठेवा आणि काही महिन्यांत संपवा. मलई घट्ट होऊन गुठळ्या दिसल्या किंवा आंबूस वास आला तर टाकून द्या. लिंबू, संत्र्याचा रस किंवा कोला यांच्यात मिसळू नका, आम्लाने मलई फाटते. नुसत्या बर्फावर किंवा कोऱ्या कॉफीत उत्तम.

मलईशिवाय आणखी कोणती लिक्युअर आहेत?

आवर्जून चाखावी अशी दक्षिण आफ्रिकेची व्हान डेर हुम. ब्रँडीत 'नार्ची' म्हणजे तिथल्या छोट्या संत्र्यांच्या साली आणि मसाले मुरवून ती करतात. डच वसाहतीच्या काळापासून केपमधल्या, म्हणजे केपटाऊनच्या आसपासच्या, घरांत ती होत आली. ट्युनिशियात थिबार गावी ख्रिस्ती मिशनऱ्यांनी सुरू केलेली थिबारीन आहे, खजूर आणि वनस्पतींची. सेशेल्समध्ये नारळाची मिळते. पण मला सर्वांत जवळची वाटते ती केप व्हर्देची 'पोंच': ग्रोगमध्ये काकवी आणि लिंबू. मराठी जिभेला ती एका घोटात ओळखीची वाटेल.

हे ग्रोग काय प्रकरण आहे?

केप व्हर्दे हा सेनेगलच्या समोर अटलांटिकमधला बेटांचा देश, १९७५ पर्यंत पोर्तुगालच्या ताब्यात होता. बहुतेक बेटं रखरखीत, पण सांतो आंताव बेटावर पाऊल खोऱ्यासारख्या काही ओल्या दऱ्या आहेत. तिथे डोंगरउतारावर पायऱ्या-पायऱ्यांची शेतं करून ऊस लावतात. ऊस पिळणारं, गाळणारं आणि पिणारं असं हे बेट आहे.

वर्षाच्या पहिल्या सहामाहीत ऊसतोड सुरू झाली की चरक फिरू लागतात. चरकाला तिथे 'त्रापिश' म्हणतात. पूर्वी सगळे बैलांवर चालत, आता बरेच इंजिनावर. ज्याने कोल्हापूरकडचं गुऱ्हाळ पाहिलं आहे त्याला अर्धं चित्र आधीच ठाऊक आहे: चरकाचा कुरकुराट, पिळून निघालेला हिरवट रस, वाळायला पसरलेली चिपाडं आणि त्याच चिपाडांवर पेटलेलं चुलवाण. फरक पुढे पडतो. इथे रस आटवत नाहीत, पिंपात काही दिवस ठेवतात. बाहेरून यीस्ट घालत नाहीत. हवेतलं आणि उसावरचं यीस्ट रस आंबवतं, फेस येतो, मग बसतो. मग तो तांब्याच्या भट्टीत चढतो. वाफ नळीतून थंड पाण्याच्या हौदात उतरते आणि दुसऱ्या टोकाला धार लागते. सुरुवातीची तिखट धार बाजूला काढतात, मधली ठेवतात, शेवटची पाणचट धार पुन्हा भट्टीत घालतात. कुठे तोडायचं हे गाळणारा वासावर आणि जिभेवर ठरवतो. चांगल्या ग्रोगला ताज्या उसाचा, किंचित गवतासारखा वास येतो.

मधल्या काळात आयात साखर पाण्यात विरघळवून गाळलेला स्वस्त मालही ग्रोग म्हणून खपू लागला. उसाशी प्रामाणिक राहिलेल्या शेतकऱ्यांचं त्यात मोठं नुकसान झालं. अखेर २०१५ मध्ये सरकारने ग्रोगच्या उत्पादनासाठी कायदा केला. तुम्ही तिकडे गेलात तर थेट त्रापिशवरून घ्या आणि ऊस कुठला हे विचारा. चांगला गाळणारा अभिमानाने सांगतो.

मोझांबिकमध्ये काजूची दारू मिळते म्हणतात. ती गोव्याची फेणीच का?

मूळ एकच आहे. काजू ब्राझीलचा, पोर्तुगीजांनी तो गोव्यातही नेला आणि मोझांबिकमध्येही. दोन्हीकडे बोंडांचा रस आंबवून दारू गाळायला लोक शिकले. गोव्यात त्या कसबाला नाव, मान आणि कायद्याचं संरक्षण मिळालं. २००९ मध्ये काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं. मोझांबिकमधली काजूची दारू मात्र अजून घरगुतीच आहे, बाटलीबंद होऊन जगात गेलेली नाही. मुळात तो एकेकाळी काजूगराच्या उत्पादनात जगात अग्रेसर असलेला देश, त्यामुळे बोंडांची कमतरता कधीच नव्हती. गोव्याच्या भाटीवाल्यांनी आणि तिथल्या लोकांनी एकमेकांना भेटायला हवं, असं मला वाटतं.

केप ब्रँडीचं एवढं कौतुक का? आपल्याकडे ब्रँडी म्हणजे सर्दीचं औषध.

कारण ती खरोखर द्राक्षांची असते आणि तिच्यामागे कडक नियम आहेत. १६७२ मध्ये केपटाऊनच्या टेबल बे उपसागरात नांगरलेल्या एका डच जहाजावर तिथली पहिली ब्रँडी गाळली गेली, असं दक्षिण आफ्रिकेत मानतात. आज 'पॉटस्टिल ब्रँडी' असं लेबल लावायचं तर वाईन तांब्याच्या भट्टीत दोनदा गाळावी लागते आणि ३४० लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या ओकच्या पिंपात किमान तीन वर्षं मुरवावी लागते. पिंप लहान असलं की दारूचा लाकडाशी संबंध जास्त येतो, म्हणून ती मर्यादा. द्राक्षं बहुधा शेनिन ब्लाँ आणि कोलोंबार जातींची. एक लिटर ब्रँडीला साधारण पाच लिटर वाईन लागते.

पहिल्या गाळपात सुमारे ३० टक्के अल्कोहोलचा गढूळ अर्क मिळतो, दुसऱ्यात मधला निवडक भाग ७० टक्क्यांच्या आसपास. तोच पिंपात जातो. स्वस्त 'ब्लेंडेड' प्रकारात पॉटस्टिल भाग किमान ३० टक्के असतो, उरलेला साधा द्राक्षाचा स्पिरिट. तो कोकमध्ये घालून प्यायची तिकडे रीतच आहे. पॉटस्टिल मात्र नुसती प्या, फार तर दोन थेंब पाणी. वाळलेली जर्दाळू, मध आणि लाकूड यांचा वास आधी येतो, जळजळ मागाहून, तीही हलकी. त्याच पैशात मिळणाऱ्या फ्रेंच कोन्याकपेक्षा मी ही निवडेन.

आफ्रिकेत व्हिस्की होते का?

होते, आणि चांगली होते. केपटाऊनजवळच्या वेलिंग्टन गावात जेम्स सेजविक डिस्टिलरी आहे. तिथली 'बेन्स केप माउंटन' ही पिवळ्या मक्यापासून केलेली सिंगल ग्रेन व्हिस्की २००९ मध्ये आली आणि २०१३ व २०१८ मध्ये वर्ल्ड व्हिस्कीज अवॉर्ड्समध्ये जगातली सर्वोत्तम ग्रेन व्हिस्की ठरली. ती घडवणारे अँडी वॉट्स मूळचे इंग्लंडमधले क्रिकेटपटू. उष्ण हवेत पिंपातली दारू लवकर मुरते, पण उडूनही जास्त जाते. नाशिकच्या उन्हाळ्यात दारू मुरवणाऱ्यांना हा हिशेब वेगळा सांगायला नको. जिनमध्ये केपच्या 'फिनबॉस' झुडपांचा सुगंध उतरवलेले प्रकार गेल्या दहा-पंधरा वर्षांत पुष्कळ आले आहेत.

वारागी, चांगा, अक्पेतेशी या दारू बेकायदा का होत्या?

मुख्य कारण महसूल. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ मध्ये, युरोपीय सत्तांनी आपसांत करार करून आफ्रिकेच्या मोठ्या भागात हलक्या 'व्यापारी' दारूची आयात आणि स्थानिक गाळप दोन्हींवर बंदी घातली. कारण लोककल्याणाचं सांगितलं. पण चांगल्या प्रतीची म्हणून युरोपातून येणारी जिन चालूच राहिली आणि तिच्यावरची जकात वसाहतींच्या तिजोरीचा मोठा आधार होती. गोल्ड कोस्टमध्ये १९३०च्या मंदीत आयात जिन परवडेना तेव्हा लोक ताडी गाळू लागले. सरकारने त्यांना तुरुंगात टाकलं. स्वातंत्र्यानंतर घानाने अक्पेतेशीला मान्यता दिली.

महाराष्ट्राच्या वाचकाला हा डाव परका नाही. गोल्ड कोस्टवर राज्य करणाऱ्या त्याच ब्रिटिश साम्राज्याने १८७८ चा मुंबई अबकारी कायदा आणला आणि १८९२ मध्ये ठाणे-कुलाब्याकडच्या आदिवासींच्या मोहाच्या फुलांवरही बंधनं घातली. गावची भट्टी गुन्हा आणि ठेकेदाराचं दुकान कायदेशीर, हे सूत्र दोन्ही खंडांत एकच.

युगांडाने १९६५ मध्ये वेगळी वाट काढली. गावठी दारू गाळणाऱ्यांनी आपला माल परवानाधारक कारखान्याला विकावा, कारखान्याने तो पुन्हा शुद्ध करून बाटलीबंद करावा. त्यातून 'युगांडा वारागी' हा ब्रँड उभा राहिला. गावात गाळणं थांबलं नाही ते नाहीच. केनियाने १९८० मध्ये चांगावर पूर्ण बंदी आणली आणि २०१० मध्ये ती उठवून परवाने, बाटल्या आणि लेबलं सक्तीची केली. बंदीने दारू संपत नाही, ती फक्त अंधारात जाते, आणि अंधारात काय मिसळलं जातं ते पुढच्या उत्तरात आहे.

गावठी दारूने माणसं मरतात ती नेमकी कशाने?

बहुतेक मोठ्या दुर्घटनांत मिथेनॉलने. ते दिसायला आणि चवीला साध्या अल्कोहोलसारखंच असतं. शरीरात त्याचं फॉर्मिक आम्ल होतं आणि ते आधी डोळ्यांच्या नसा, मग जीव घेतं. घात असा की सुरुवातीचे बारा-चोवीस तास साध्या नशेसारखेच जाऊ शकतात. मग पोटात कळा, उलट्या, धुरकट दिसणं, श्वास जोरात चालणं. धूसर दिसू लागलं की एक मिनिटही न घालवता रुग्णालय गाठायचं. वेळेवर उपचार मिळाले तर माणूस आणि दृष्टी दोन्ही वाचू शकतात.

आता एक समजूत. आपल्याकडे 'पहिल्या धारेची' म्हणून कौतुक होतं, पण त्या धारेत उग्र, हलके घटक जास्त असतात, म्हणून जाणता गाळणारा ती काढूनच टाकतो. मात्र सारं मिथेनॉल पहिल्या धारेतच येतं हेही खरं नाही. थोडं थोडं ते पुढेही उतरत राहतं. फळांच्या गरातून नैसर्गिकरीत्या येणारं हे प्रमाण सहसा एवढं कमी असतं की त्याने गावंच्या गावं मरत नाहीत. मरतात ती कोणीतरी औद्योगिक मिथेनॉल दारूत ओतल्यामुळे. २००० मध्ये नैरोबीच्या झोपडवस्तीत शंभराहून अधिक लोक गेले, २०१० मध्ये युगांडाच्या कबाले भागात आणि २०१५ मध्ये नायजेरियात असंच झालं. त्याच २०१५ साली मुंबईत मालाडच्या मालवणीत शंभरावर माणसं गेली. दोष गाळणाऱ्या बाईच्या मडक्याचा नसतो, मिथेनॉलचे ड्रम विकणाऱ्याचा असतो.

मग गावात कोणी प्यायला दिली तर प्यावी का?

अनोळखी ठिकाणी, लेबल नसलेली, शहरी वस्तीतली स्वस्त दारू अजिबात नको. जिथे गाळणारं घर, फळ आणि भट्टी डोळ्यांसमोर आहे तिथे धोका पुष्कळ कमी, पण तिथेही शून्य नाही. जुन्या रेडिएटरची नळी भट्टीला लावली असेल तर शिसं उतरू शकतं. मान राखून नाही म्हणता येतं. आग्रह कोणी धरत नाही. बऱ्याच ठिकाणी पाहुण्याने ओठाला लावलं तरी पुरतं.

प्लास्टिकच्या छोट्या पुड्यांतली दारू हा वेगळा प्रश्न होता. शाळकरी पोरांनाही ती परवडत असे. टांझानियाने २०१७ मध्ये आणि युगांडाने २०१९ मध्ये पुड्या बंद केल्या. योग्य केलं.

मुस्लिमबहुल देशांत बुखा आणि माहिया कशा टिकल्या?

त्या ज्यू समाजाने सांभाळल्या. ट्युनिशियात बोकोब्सा कुटुंबाने एकोणिसाव्या शतकात अंजिराची बुखा व्यापारी प्रमाणावर सुरू केली. मोरोक्कोत माहिया ज्यू घरांत सणासुदीला होत असे. हा समाज विसाव्या शतकात मोठ्या संख्येने देशाबाहेर गेला, दारू मागे राहिली. सुदानमध्ये गोष्ट कठीण झाली. १९८३ च्या शरियत कायद्यानंतर खजुराची अराकी गाळणाऱ्या गरीब, बहुतेक विस्थापित बायका वर्षानुवर्षं तुरुंगात जात राहिल्या. पोरांची फी आणि भाकरी त्याच भट्टीवर चाललेली असायची.

मॉरिशसची रम आणि मराठी माणसांचा संबंध काय?

संबंध उसाचा. एकोणिसाव्या शतकात कोकणातून मजूर म्हणून गेलेल्या मराठी माणसांचे वंशज आजही तिथे आहेत. गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. त्यांच्या पूर्वजांनी तोडलेला ऊस साखरेसाठी जायचा आणि उरलेल्या मळीची रम व्हायची. थेट उसाच्या रसापासून रम करायला तिथे २००६ पासून मोकळीक मिळाली आणि त्यानंतर शामारेलसारख्या डिस्टिलरी उभ्या राहिल्या. मळीची रम जड आणि गोडसर, रसाची रम ताजी आणि हिरवी. दोन्ही शेजारी ठेवून चाखा. घरोघरी रममध्ये व्हॅनिला, लिची किंवा संत्र्याची साल घालून महिनोनमहिने मुरत ठेवतात, ती मिळाली तर सोडू नका.

भारतात आणताना काय नियम आहेत?

परदेशातून येताना प्रत्येक प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत दारू करमुक्त आणता येते. ७० टक्क्यांहून जहाल दारू विमानात चालतच नाही, आणि २४ ते ७० टक्क्यांची बाटली दुकानातल्या मूळ सीलबंद पॅकिंगमध्येच हवी. म्हणजे शेतावरून पाण्याच्या बाटलीत भरून घेतलेली मांपूर किंवा ग्रोग चेक-इन सामानातही टाकू नका. महाराष्ट्रात दारू बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो, आणि रम-ब्रँडीसारख्या कडक दारूसाठी वयाची अट २५ वर्षांची आहे. गुजरात किंवा बिहारमार्गे घरी जाणार असाल तर बाटली घेऊच नका.